वरचा सा नसलेला पॅन

पहिला दिवस : बेळगाव, उद्यमबाग

निपाणीच्या त्या मुलाशी माझी ओळख फक्त फोनवरची. घरची तंबाखूची वखार, स्वतः इंजिनिअर, आणि जानेवारीत नोकरीसाठी जर्मनीला निघालेला. त्याच्याकडे दोन हँडपॅन आहेत. त्यांतला एक, ‘साब्ये’ स्वरमेळाचा, तो मला द्यायला तयार होता. पैसे अर्धे, आणि उरलेल्याच्या बदल्यात माझ्या तीन पॅनपैकी एक. कुठला ते मी ठरवायचं, पण त्याच्या मनात माझा जुना, ‘कुर्ड’ स्वरमेळाचा पॅन आहे हे त्याने लपवलं नाही.

ज्यांनी हँडपॅन पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पोलादी पत्र्याच्या दोन खोलगट पराती काठाला काठ लावून चिकटवल्या तर जो आकार होईल, तो. मांडीवर मावतो, व्यास पन्नास-पंचावन्न सेंटिमीटर. वर मधोमध एक उंचवटा, त्याला डिंग म्हणतात, तो सगळ्यांत खालचा स्वर. त्याच्याभोवती सात-आठ लंबगोल खळगे, प्रत्येक खळग्यात एक स्वर. खालच्या बाजूला घागरीसारखं गोल तोंड. वाजवायचं बोटांनी. काठी नाही, हातोडी नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, एकदा ठोकून बसवलेला स्वर बसला. तबल्यासारखा गट्टा सरकवून चढवता येत नाही, पेटीसारखे बाराही स्वर हाताशी नसतात. एका पॅनमध्ये एकच स्वरमेळ राहतो. म्हणून एका पॅनवर भागत नाही. लोक मला विचारतात, तीन-तीन कशाला? मी म्हणते, तुमच्या घरात एकच खोली असती तर?

माझा पहिला पॅन डी कुर्ड. २०१७ साली घेतला, तेव्हाचा माझा आठ महिन्यांचा पगार त्यात गेला. त्याआधी तीन वर्षं हरमलच्या किनाऱ्यावर एका परदेशी वादकाच्या मांडीवर पाहिलेला तो आवाज डोक्यातून जात नव्हता. पेटीची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे पांढरी दोन, सा धरली तर कुर्डमध्ये आसावरी थाटाचे सातही स्वर मिळतात. पांढरी सहा सा धरली तर तेच स्वर भैरवीचे होतात, सा ते सा अख्खं सप्तक. दुसरा अमारा, स्टेनलेस स्टीलचा, २०२१ चा. त्यात धैवत नाही, पण धानी आणि मधमाद सारंग हे दोन्ही राग त्याच्या पोटात आहेत. तिसरा हिजाझ, २०२३ चा. बसंत मुखारी रागाचे स्वर. तो वाजवला की रस्त्यावरचा माणूस थांबतो.

कुठला द्यायचा, हा प्रश्न घेऊन मी मामांकडे गेले. मामा आयुष्यभर उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, होते, लेथपासून सुरुवात करून शेवटची बारा वर्षं भट्टीवर. सूर कळत नाही असं ते स्वतः सांगतात, पण लोखंडावर नखाने टिचकी मारून ते कुठल्या भट्टीतून आलंय हे सांगणारा माणूस आहे.

“आधी तिन्ही घेऊन चार दिवस फिरूया,” मामा म्हणाले. “हत्यारं खूप झाली की मी तेच करत होतो. कुठलं हाताला आपोआप येतंय ते बघायचं. जे येत नाही ते द्यायचं.”

म्हणून ही सहल. मार्गशीर्षातली थंडी, सुगी आटोपलेली, मामांची जुनी व्हॅगन-आर आणि मागच्या सीटवर तीन काळ्या बॅगा.

निघायच्या आधी मामांनी मला त्यांच्या ओळखीच्या एका भट्टीवर नेलं. मला कितीतरी वर्षं पाहायचं होतं ते हेच. माझ्या कुर्डचा पत्रा नायट्राइड केलेला आहे. म्हणजे काय ते मी वाचलं होतं, पण अमोनियाच्या वासाने डोळ्यांत पाणी आल्याशिवाय ते कळत नाही. बंद भट्टीत तुकडे रचतात, पाचशे अंशांच्या वर तापवतात आणि आत अमोनिया सोडतात. उष्णतेने अमोनिया फुटतो, त्यातला नायट्रोजन पोलादाच्या कातडीत मुरतो. वरचा थर कडक होतो, आतलं मऊच राहतं. बाहेर आलेले तुकडे राखाडी, पावसाळी आभाळाच्या रंगाचे. मामा म्हणाले, “आम्ही क्रँकशाफ्ट करायचो अशा. झिजू नये म्हणून. तुझ्या वाद्याला हे कशाला लागतं?”

मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते, कारण पुढचे चार दिवस आम्ही हेच बोलत होतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात फेलिक्स रोनर आणि सबिना शेरर हे दोघं त्रिनिदादच्या स्टीलपॅनवर काम करत होते. तेलाच्या पिंपातून जन्मलेलं, काठीने वाजवायचं ते वाद्य. त्यांची पानआर्ट नावाची कार्यशाळा नायट्राइड केलेला पत्रा वापरू लागली होती, कारण त्यात आवाज वेगळाच भरायचा. तिथे रेटो वेबर नावाचा तालवादक आला. तो आपला घटम्, म्हणजे दक्षिणेतलं मडक्याचं वाद्य, वाजवणारा. त्याने मागितलं की मला असं पोलादी भांडं द्या ज्यात थोडे स्वर असतील आणि जे मी घटम्सारखं हातांनी वाजवेन. त्यातून २००० साली जे झालं त्याचं नाव ‘हांग’. बर्नच्या बोलीत त्याचा अर्थ हात. २००१ मध्ये फ्रँकफर्टच्या वाद्यमेळ्यात जगाने ते पाहिलं, आणि २०१३ च्या शेवटी पानआर्टने हांग बनवणं थांबवलं. ‘हँडपॅन’ हे नाव नंतरचं, २००७ मध्ये एका अमेरिकन कारागिराच्या दुकानातून आलेलं, आणि आता अशा बाकी सगळ्या वाद्यांना तेच नाव आहे.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. उद्यमबागेच्या फाटकाबाहेर चहा घेताना म्हणाले, “म्हणजे मूळ मडकंच की.”

“मडकंच.”

“मग खानापूरला जाऊया उद्या.”

दुसरा दिवस : खानापूर

बेळगावच्या माणसाला खानापूर म्हणजे माती, हे सांगावं लागत नाही. कौलं तिथली, विटा तिथल्या, उन्हाळ्यातल्या पाण्याच्या घागरी तिथल्या. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही खानापुरातच आहे. लहानपणी लोंढ्याच्या गाडीतून जाताना खिडकीतून लाल उतरत्या छपरांच्या ओळी दिसायच्या ते आठवतं.

मामांच्या ओळखीचे एक कुंभारकाका गावाच्या कडेला राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा विजेच्या चाकावर पणत्या आणि कुंड्या करतो, काका मात्र अजून घागरीच करतात. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी, आणि चाकावर बसले की दोन्ही.

घागर चाकावर पूर्ण होत नाही, हे मला माहीत नव्हतं. चाकावर तोंड आणि गळा होतो, खालचा भाग जाड आणि अर्धवट राहतो. मग ते थोडं सुकू देतात. बोट रुततं पण चिकटत नाही, इतपत. मग खरं काम. काकांनी घागर मांडीवर घेतली, डाव्या हाताने आत दगडी गोटा धरला आणि उजव्या हातातल्या लाकडी चोपण्याने बाहेरून मारायला सुरुवात केली. आत गोटा, बाहेर चोपणं, मध्ये माती. घागर फिरते, हात फिरत नाही. प्रत्येक फटक्याला माती थोडी पातळ होते आणि घेर थोडा वाढतो.

मी पाहत राहिले. हँडपॅन करणारे नेमकं हेच करतात. एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा आधी खोलगट करून घेतात, मग हातोडीने आतून-बाहेरून ठोकत एकेक खळगा उठवतात आणि त्याला स्वरात आणतात. मधेमधे तो भट्टीत तापवून ताण काढतात आणि पुन्हा ठोकतात. पोलाद असो की माती, काम एकच. मारून मारून पातळ करायचं, आणि नेमकं कुठे थांबायचं ते कानाने ठरवायचं.

काकांना मी विचारलं, हे कच्चं वाजतं का?

“कच्चं बोलत नाही,” ते म्हणाले. “आव्यातून आलं की बोलतंय. तवर मुकंच.” आणि उठून त्यांनी भाजलेल्या घागरींच्या रांगेतल्या एकेकीला बोटाच्या पेराने ठोकून दाखवलं. ठण्, ठण्, ठण्. चौथीला ठप्. त्यांनी ती न बोलता बाजूला ठेवली. मला डोळ्यांनी तडा दिसला नाही. काकांनी पाणी ओतून दाखवलं तेव्हा तळाशी केसाएवढी ओली रेघ उमटली.

गिऱ्हाईक मडकं वाजवून घेतं, हे आपण सगळेच म्हणतो. कुंभार आधी स्वतः वाजवून विकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग मी एक चांगली वाजणारी घागर मागून घेतली आणि मांडीवर घेऊन घटम्सारखी वाजवू लागले. ही घटम् नव्हे, हे मला ठाऊक आहे. तमिळनाडूत मानामदुराईला घटम् करतात त्याची भिंत जाड असते आणि मातीत धातूचा कीसही मिसळतात. खानापूरची घागर हलकी, पाण्यासाठीची. पण तोंडावर तळवा मारला की पोटातली हवा घुमते, तोंड अर्धं झाकलं की तो घुमार खाली उतरतो, आणि अंगावर बोट मारलं की कडक ठणका येतो. ही तिन्ही कामं हँडपॅनमध्येही आहेत. मी कुर्ड काढला, उलटा करून खालच्या तोंडावर तळवा मारला. तोच घुमार. काकांच्या मुलाने चाक थांबवलं.

“आत पाणी हाय काय?” काकांनी विचारलं.

“हवा आहे.”

मग मी त्यांना खळग्याची गंमत दाखवली. स्वराच्या खळग्यावर बोट मारलं की मूळ स्वर येतो. पण खळग्याच्या एका ठरावीक जागी एक बोट हलकेच टेकवून मारलं की वरच्या सप्तकातला तोच स्वर वेगळा निघतो, आणि दुसऱ्या एका जागी तसंच केलं की त्याच्याही वरचा पंचम. एकाच खळग्यात हे तीन आवाज कारागिराने हातोडीने एक-दोन-तीन अशा हिशोबात बसवलेले असतात. न बसवता सोडले तर परात वाजल्यासारखं वाजेल. आपल्या तबल्याची शाईसुद्धा हेच काम करते. शाईमुळे कातड्याचे वरचे आवाज मूळ स्वराच्या हिशोबात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये मांडलं. मी तबल्यावर वाढलेली असल्यामुळे हँडपॅन मला कधी परका वाटला नाही. उलट पहिलं वर्षभर मी त्याला तबल्यासारखं जोराने मारत होते आणि तो भांड्यासारखा ओरडत होता. बोटाचं मऊ पेर लावायचं आणि तापलेल्या तव्याला हात लागावा तसं चटकन उचलायचं, हे शिकायला तितकाच वेळ गेला. तबला वाजवणाऱ्या कुणी हँडपॅन घ्यायचं मनात आणलं असेल तर माझं एवढंच ऐका : जोर घरी ठेवून या.

काकांनी कुर्डवर नजर फिरवली. काठाजवळ, कोमल धैवताच्या खळग्याभोवती तांबूस ठिपके आहेत.

“गंजलंय.”

गंजलं आहे. २०१९ च्या ऑगस्टात बेळगावात जो पाऊस झाला तो इथल्या कुणी विसरणार नाही. आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं, आम्ही आजीला आणि कपाटातल्या कागदांना वर नेलं आणि पॅनची बॅग जमिनीवर राहिली. दोन रात्री. नायट्राइड केलेला पत्रा गंजाला बराच टिकतो, पण त्याला दोन रात्री पाण्यात ठेवायचं नसतं. गंज तेलाने आणि मऊ फडक्याने पुसून काढला, डाग राहिले. तो एक स्वर मात्र किंचित उतरला तो उतरलाच. ट्यूनरकडे नेला तर हातोडीच्या काही ठोक्यांत वर येईल. मी सहा वर्षं नेला नाही. आधी पैसे नव्हते म्हणून, आणि नंतर का, ते मला सांगता येत नव्हतं.

त्या रात्री खानापुरातच मुक्काम. लाल तांदळाचा भात, हुडहुडी भरवणारी थंडी. निजताना मामा म्हणाले, “आज एकच बॅग उघडलीस.”

तिसरा दिवस : असोगा, नंदगड, हलशी

पहाटे असोग्याला गेलो. खानापूरपासून जवळच, मलप्रभेच्या काठावर रामलिंगेश्वराचं देऊळ. पाण्यावरून वाफ निघत होती. नदीकाठ म्हणून मी स्टेनलेसचा अमारा बाहेर काढला. ओलाव्याची भीती नाही. खडकावर बसून तासभर वाजवला. स्टेनलेसचा आवाज फार वेळ रेंगाळतो, आणि उघड्यावर ते सुख असतं. एक स्वर नदीपलीकडे जाईपर्यंत दुसरा मारायचाच नाही, अशी लय आपोआप धरली गेली. कपडे धुवायला आलेल्या दोन बायका पाठीमागे उभ्या होत्या, मला कळलंही नाही. निघताना एकीने विचारलं, “ह्यात सेल घालाय लागतंय?”

नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीवर थांबलो. १८३१ साली इंग्रजांनी त्यांना इथे फाशी दिली. मोठा वड आहे. तिथे काही वाजवावंसं वाटलं नाही, नुसते बसलो.

हलशी हे कदंब राजांचं पलाशिका. आज लहानसं गाव, पण एकेकाळी राजधानीचा मान. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. एकीकडे वराह, दुसरीकडे नरसिंह, मधल्या मंडपात आपण. पुजाऱ्यांना विचारून मंडपाच्या पायरीशी अमारा वाजवून पाहिला आणि लगेच थांबले. सकाळी नदीवर जो रेंगाळणारा आवाज गोड वाटला तोच इथे दगडात अडकून एकमेकांत कालवला जात होता. दुसरा स्वर यायच्या आत पहिला परत येत होता. मग कुर्ड. त्याचा आवाज आखूड, कोरडा. दगडाने त्याला जेवढं हवं तेवढंच मोठं केलं. कुठला पॅन चांगला, या प्रश्नाला जागा विचारल्याशिवाय उत्तर नाही. दुकानात कान देऊन पॅन घेणाऱ्यांनी तो एकदा उघड्यावर आणि एकदा दगडी भिंतीत ऐकावा.

संध्याकाळी मामींच्या माहेरी. हलशीपासून थोडं पुढे, भातशेतीतलं गाव. एकादशी होती. देवळात बायकांचं भजन असतं, आणि मामींच्या भावजयीने आमच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं की बेळगावहून वाजवणारी आलीय.

मला खरोखर भीती वाटली. मंचावर वाजवायची सवय आहे, भजनात बसायची नाही. भजनात वाद्याने गळ्याच्या मागे जायचं असतं, आणि माझं वाद्य कुणाच्याच मागे जाऊ शकत नाही. ते जिथे आहे तिथेच आहे. पेटीवर एक आजी होत्या, नऊवारी, चष्मा दोऱ्याने बांधलेला. सूर काळी चार. माझ्या कुर्डमध्ये काळी चार नाही.

मी संकोचाने म्हटलं, “आजी, मला पांढरी सहाच येते. हे खाली-वर होत नाही.”

“अर्धाच सूर न्हवं? चढवूया की,” आजी म्हणाल्या. पखवाजावरच्या मुलीने गजऱ्यावर हातोडी ठोकत पुडी चढवली, कणीक पुन्हा लावली. दहा मिनिटं गेली. कुणालाही घाई नव्हती. पंधरा-वीस बायकांनी माझ्या वाद्यासाठी आपला रोजचा सूर सोडला, आणि त्यात काही विशेष केलं असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

बहुतेक अभंगांना मी नुसता सा आणि मध्यम धरून बसले. शेवटी भैरवी आली. पांढरी सहा सा, आणि कुर्डमध्ये तीच पूर्ण आहे. फक्त आसावरीत जो कोमल धैवत, तोच भैरवीत कोमल रिषभ होतो. म्हणजे तो गंजलेला, उतरलेला खळगा. पेटीवरचा रे आणि माझा रे एकत्र वाजले की लाटा उठायच्या, दातात खडा यावा तसं. पहिल्या ओळीला तसंच झालं. मी तो स्वर टाळायचं ठरवलं.

पण दुसऱ्या ओळीला आजींनी पेटीवरचं ते बोट उचललं. रे आला की पेटी गप्प, उरलेल्या स्वरांना पेटी आहे. रेच्या जागी फक्त गळे आणि माझा पॅन. आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली : वाजव. मी वाजवला. बायकांच्या गळ्यातला रे तिथेच होता. पेटीपेक्षा खाली, साच्या अंगाला अगदी टेकलेला. त्या तो तसाच गात होत्या. पेटी त्यांना रोज थोडी वर ओढत होती, एवढंच.

मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आरतीनंतर प्रसादाची केळी वाटताना आजींनी पॅनला हात लावून पाहिला. “गार हाय,” म्हणाल्या. “आवाज ऊन, अंग गार.”

चौथा दिवस : कणकुंबी

जांबोटीवरून कणकुंबी. जंगलातला रस्ता, चोर्ल्याच्या अलीकडे. मलप्रभेचा उगम इथे. काल तिच्या काठावर होतो, आज ती कुंडाएवढी. धुकं दहापर्यंत हललं नाही.

चहाच्या टपरीमागच्या बाकावर मी पहिल्यांदा हिजाझची बॅग उघडली. चौथ्या दिवशी. ट्रकवाले जमले, गोव्याला निघालेलं एक कुटुंब थांबलं, फोन बाहेर आले. हिजाझमध्ये काहीही खोट नाही. त्याचा कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यामधली ती उडी ऐकली की माणसाच्या अंगावर काटा येतोच, वाजवणारा कोण आहे याने फारसा फरक पडत नाही. आणि तिथेच माझं आणि त्याचं जमत नाही. दोन वर्षांत मी त्याच्यावर एकही गोष्ट शोधली नाही. त्याने मला टाळ्या दिल्या आणि मी घेतल्या. मी तो घेतला कारण तो घेतल्यावर लोक थांबतील हे मला माहीत होतं.

हे मी मामांना सांगितलं नाही. बॅग बंद करताना ते बघत होते.

उतरताना जांबोटीला मध घेतला. रात्री बेळगाव. तिन्ही पॅन कापडाने पुसले, कुर्डला तेलाचा हात दिला. प्रत्येक वादनानंतर बोटांचा घाम पुसायचाच, आणि धुक्यातून आल्यावर बॅगेत तसाच कोंडायचा नाही, रात्रभर उघडा ठेवायचा. आमच्याकडच्या हवेत हे चुकवून चालत नाही.

पाचवा दिवस : निपाणी

काकती, हत्तरगी, संकेश्वर. हायवे असल्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. तवंदीचा घाट उतरला की हवाच बदलते. निपाणीत शिरताना तंबाखूचा वास आधी नाकात येतो, मग घशात.

मुलगा वखारीतच भेटला. उंच पत्र्याचं छप्पर, पोत्यांच्या थप्प्या, वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगणारी भुकटी. पोती आवाज पिऊन टाकतात, त्यामुळे तिथे बोललेलं अगदी जवळ ऐकू येत होतं. पॅन ऐकायला याहून चांगली खोली मी पाहिलेली नाही.

साब्ये त्याने माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतः लांब जाऊन बसला. हे मला आवडलं. वाद्य दाखवताना बोलत राहणाऱ्यांकडून मी काही घेत नाही.

डिंग पांढरी दोन. त्याच्यावर पांढरी पाच, सहा, सात, मग वरच्या सप्तकातली काळी एक, पांढरी दोन, तीन, काळी तीन आणि शेवटी पांढरी सहा. पांढरी दोनला सा धरलं तर बिलावल. पण मला हवं होतं ते वेगळं. पांढरी पाचला सा धरलं की डिंग मंद्र पंचम होतो, आणि वर जाताना सा रे ग, तीव्र म, प ध नी. यमन. माझ्या तिन्ही पॅनवर मी जे सा धरते त्यांना तीव्र मध्यम नव्हता. सुळेभावीत, आमच्या बेळगावपासून एवढ्याशा अंतरावर, १९२४ मध्ये कुमार गंधर्व जन्मले, त्या मातीत वाढून माझ्या घरी संध्याकाळी वाजवायला यमन नसावा, हे मला कित्येक वर्षं खुपत होतं.

आणि नीच्या वर? वरचा सा नाहीच. काळी तीननंतर एकदम पांढरी सहा. म्हणजे नीनंतर थेट रे. करणाऱ्याने हा मेळ यमनसाठी बसवलेला नाही, आपल्याकडचे राग त्याच्या मनातही नसतील. पण यमन शिकलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात गुरू हेच सांगतात : साला ओलांड, नी रे कर. मी ध नी रे वाजवलं. बोट आपोआप सावर जायला गेलं आणि तिथे नुसता सपाट पत्रा होता. पुन्हा वाजवलं. ध, नी, रे. न वाजलेला सा मला स्पष्ट ऐकू आला.

“घेते,” मी म्हटलं. “पण कुर्ड नाही. हिजाझ.”

त्याचा चेहरा थोडा पडला. “कुर्डवर मी शिकलो होतो,” तो म्हणाला. “माझा विकला होता मी. पुन्हा मिळेल असं वाटलं.”

मी त्याला कुर्ड वाजवू दिला. गंजलेल्या खळग्याशी तो थबकला, दोनदा मारून पाहिला. “हा बसवून घ्या,” म्हणाला, “खाली गेलाय.” मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग हिजाझ त्याच्यासमोर ठेवला आणि मामांबरोबर बाहेर गेले. त्याच्या आईने जोंधळ्याची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवण होईपर्यंत वखारीतून आवाज येत होता. लोक थांबतात तो तुकडा त्याने एकदाही वाजवला नाही. तो कोमल रेवरून परत परत साकडे उतरत होता, हळू, एकेक स्वर मरू देत. दोन वर्षांत मला जे सुचलं नाही ते त्याला तासाभरात सुचलं होतं.

बाहेर आला तेव्हा त्याने पैशांचा आकडा स्वतःहून थोडा कमी केला. मी तो कमी करू दिला नाही.

परतताना मामांनी तवंदीच्या घाटात गाडी कडेला घेतली. उतरतं ऊन होतं. मी मागच्या सीटवर बसले होते, साब्ये मांडीवर.

“काय आहे एवढं ह्यात? बघू,” मामा म्हणाले.

मी ध नी रे वाजवलं.

“एक राहिलं मधे.”

मी वळून पाहिलं. सूर कळत नाही म्हणणारे मामा आरशातून माझ्या बोटांकडे बघत होते.

“तो नाहीच ह्यात.”

“नाही कसा? मला ऐकू आला,” मामा म्हणाले. “परत वाजव.”